लाल पेनड्राईव्ह आणि नवी म्हैस

मला पत्रक लिहिता येतं. एवढं एकच येतं म्हणा. एका बाजूला शत्रू, दुसऱ्या बाजूला आपण, मधे मागण्या, आणि खाली कधी, कुठं जमायचं. अठराव्या वर्षापासून मी हेच करत आले. आमच्या संघटनेत कुणाला काही खुपलं की सगळे माझ्याकडे बघतात. पाण्याची टाकी गळते, काढा पत्रक. एसटी वाडीच्या फाट्यावर थांबत नाही, काढा पत्रक. त्यामुळे ऑफिसांमधले व्हायरस एका पेनड्राईव्हवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर जातात आणि आपल्या खोऱ्यात कुणालाच त्याची फिकीर नाही, हे मला कळलं तेव्हा मी काय केलं असेल ते सांगायला नको. त्या पत्रकाने दोन दिवसांत जेवढा घोळ घातला तेवढा आमच्या कुठल्याही शत्रूला आजवर जमलेला नाही.

आमचं ऑफिस कोळवण खोऱ्यात. खाली म्हशींचा गोठा, वर आम्ही. डोंगरावरच्या वाड्यांमधली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जंगलातली जमीन कसतात, पण ती त्यांच्या नावावर नाही. कायदा म्हणतो, पुरावा द्या, हक्क घ्या. पुरावे गोळा करून दावे तयार करायचे हे आमचं काम. जागा काकींची, म्हणजे घरमालकिणीची. काकींच्या घरात जमीन भरपूर होती. थोडी शहरातल्या लोकांच्या फार्महाऊसला गेली, उरलेल्यात भात, आणि गोठ्यात सहा म्हशी. मी रोज पुण्याच्या कडेच्या सूसहून स्कूटीवर येते. सूसला आमच्याही म्हशी होत्या. आता त्या जागी सोसायटीचं पार्किंग आहे आणि माझ्या वडिलांना त्यात काही वावगं वाटत नाही. तो वेगळा विषय आहे, त्यावर पत्रक तयार आहे.

संघटनेचे मुख्य म्हणजे दादा. पन्नाशी उलटलेले, आवाज असा की माईक लाजेल. दादांचं एक तत्त्व होतं: आपल्याकडे पासवर्ड नाही. 'लपवायला आपण काय सावकार आहोत?' असं ते प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला विचारत. त्यामुळे आमच्या कॉम्प्युटरवर कुणीही बसावं, काहीही उघडावं. तो कॉम्प्युटर बाणेरच्या कुणीतरी टाकून देताना आम्हाला दिलेला. त्यातल्या अँटीव्हायरसची मुदत संपून किती काळ झाला हे कुणालाच आठवत नव्हतं. रोज सकाळी तो कोपऱ्यातून वर येऊन काहीतरी विनवायचा आणि दादा माशी हाकलावी तसे त्याला 'नंतर' म्हणायचे.

कॉम्प्युटरची जागा भरली म्हणून सगळे दावे एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवले होते, आणि ती डिस्क कायम वायरीने जोडलेली. शिवाय एक लाल पेनड्राईव्ह. तो हरवू नये म्हणून दादांनी त्याला शेळीच्या गळ्यातलं घुंगरू बांधून खिळ्याला टांगलेला. ज्याला लागेल त्याने न्यायचा. तो पौडला फ्लेक्स छापायला जायचा, झेरॉक्सला जायचा, कुणाच्या हळदीत गाणी घेऊनही जायचा आणि घुंगरू वाजवत परत यायचा. इतकं फिरलेलं आमच्यात दुसरं कुणी नव्हतं.

आता मावशीबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यामुळे आहे. मावशी डोंगरावरच्या वाडीतली. साठी कधीच ओलांडलेली, अंगाने काडी, आणि भांडणात अख्ख्या डोंगरात पहिली. वाडीची बोली वेगळी, ती मला अजून पुरती समजत नाही. आमच्याशी ती मावळी बोलते. उतारावर तिचा नाचणीचा तुकडा आहे, बांधावर तिनेच लावलेला आंबा आहे. पण ती जमीन कायद्यात सांगितलेल्या तारखेच्या आधीपासून तिच्या कसणुकीत होती, हे सांगणारा जिवंत माणूस एकच उरला होता, तिचा शेजारी म्हातारा. आणि त्याच्याशी तिचं गेली कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. त्याच्या शेळ्या हिच्या नाचणीत शिरत म्हणून.

मी आणि दादा त्याच्याकडे गेलो तेव्हा वाटलं, हा आपल्याला हाकलणार. म्हाताऱ्याने आम्हाला बसवलं, तंबाखू मळली आणि दादांच्या मोबाईलसमोर सात मिनिटं मावशीला शिव्या घातल्या. पण त्या शिव्यांतच सगळा पुरावा होता. कुठल्या साली तिने त्याची कुठली शेळी कुठल्या बांधावरून हाकलली, तेव्हा नाचणी केवढी होती, आंब्याला किती पानं होती. जमीन तिची नसती तर ती भांडली कशाला असती? दादा उतरताना डोंगरभर हसत होते. जबाब टाईप करून अंगठा घ्यायला पुढच्या आठवड्यात जायचं ठरलं. त्या आठवड्यात पाऊस लागला, ओढा चढला, आणि ओढा उतरेपर्यंत म्हातारा गेला. अंगठा राहिला. राहिला तो फक्त व्हिडिओ, त्या हार्ड डिस्कवर, 'मावशी' नावाच्या फोल्डरमध्ये. दुसरी प्रत कुठंही नाही. आणि मावशीच्या दाव्याची सुनावणी कचेरीत गुरुवारी होती.

त्याच सुमारास काकींनी सातवी म्हैस आणली. आणली आणि गोठ्यात न घालता दूर जांभळाखाली बांधली. तिची बादली वेगळी, तिची पेंड वेगळी, तिला पाणी पाजून आल्यावर काकी हातपाय धुऊन मगच गोठ्यात जायच्या. मी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी जिन्यातूनच म्हटलं, "काकी, हा भेदभाव आहे."

"कशाचा?"

"ती नवीन आहे म्हणून तिला वाळीत टाकलंय तुम्ही."

काकींनी शेणाची पाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "माणसाला कुनी असं क्येलं तर मी तुज्या मोर्च्यात पुडं चालंन. ही म्हस हाय. बाजारातनं आलीया. कुनाच्या गोठ्यात काय खाऊन आली, तिला तरी ठावं हाय का? पंदरा-ईस दिस भायेर बांधायची. काय निघालं न्हाई तर आत. लाळ्या-खुरकूत आत गेली म्हंजी माज्या सहाच्या सहा बसल्या." मी मान हलवली आणि वर जाऊन माझं पत्रक लिहायला बसले. म्हशीचा आणि माझ्या पत्रकाचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्यासारख्यांची हीच अडचण आहे. आम्हाला छापलेलंच समजतं.

पत्रकाचं नाव होतं, 'तुमच्या ऑफिसातला घुसखोर'. सुरुवात मला अजून आवडते: 'रोज एक अनोळखी पाहुणा तुमच्या टेबलावर येतो. तो दार वाजवत नाही, चहा मागत नाही. तुम्ही त्याला स्वतःच्या हाताने आत घेता.' पुढे अकरा मागण्या होत्या. कुणाकडे करायच्या ते ठरेना म्हणून सरकारकडे केल्या. आणि ठळक अक्षरांत: 'कुणाचाही पेनड्राईव्ह न तपासता लावू नका.' हे सगळं मी लाल पेनड्राईव्हवर घेतलं, खिळ्यावरून काढून गळ्यात अडकवला, आणि सोमवारी सकाळी घुंगरू वाजवत निघाले.

सहा ठिकाणी गेले. फ्लेक्सवाला, झेरॉक्सवाला, खताचं दुकान, दूध संकलन केंद्र, शाळेचं ऑफिस आणि एका फार्महाऊसचं बुकिंगचं टेबल. प्रत्येक ठिकाणी मी आधी दहा मिनिटं भाषण करायची, मग पेनड्राईव्ह काढायची आणि म्हणायची, "लावा. कॉपी करून घ्या. छापून भिंतीवर चिकटवा." एकानेही मला अडवलं नाही. एकानेही विचारलं नाही की बाई, तुमचा तपासलाय का. उलट शाळेतल्या बाईंनी चहा दिला.

दुसऱ्याच ठिकाणी माझ्या फोल्डरच्या चित्राला खाली एक बारीक बाण आलेला दिसला. मला वाटलं, नवीन पद्धत असेल. आणि खताच्या दुकानात तर कॉम्प्युटरने सरळ लाल चौकट दाखवली. दुकानदार शेठ म्हणाले, "ताई, ह्यो काय तरी आरडतोय."

"कोण?"

"अँटीव्हायरस. धोका हाय म्हणतोय."

आता मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण खोऱ्यात ते आता सगळ्यांना पाठ आहे. मी म्हणाले, "बघा. म्हणजे ह्यांना जनजागृतीचं पत्रकसुद्धा धोका वाटतं. हीच तर व्यवस्था आहे. दाबा ते 'अलाउ'." शेठनी दाबलं.

संध्याकाळी परत आले, पेनड्राईव्ह आमच्या कॉम्प्युटरला लावून दादांना सांगितलं, सहाच्या सहा ठिकाणी प्रतिसाद उत्तम. दादांनी पाठ थोपटली. हार्ड डिस्क शेजारी होतीच, नेहमीसारखी वायरीला.

मंगळवारी फोन सुरू झाले. पहिला दूध केंद्राचा. "ताई, तुमचं पत्रक उगाडलं आन आमच्या पेनड्राईव्हवरचं समदं फोल्डर बाणाचं झालं. उगाडंचना." मी म्हटलं, ही तर पत्रकाची गरज सिद्ध झाली. दुसरा फोन शाळेतून. तिसरा झेरॉक्सचा. फ्लेक्सवाल्याचा आला तेव्हा मी ताठ आवाजात त्याला सांगितलं की तुमच्याकडे अख्ख्या तालुक्याच्या वाढदिवसांचे पेनड्राईव्ह येतात, संसर्ग तुमच्याकडूनच झालाय, मी जाहीर निषेध करते. तो म्हणाला, "निषेध करा की. पण मला सांगा, ताई, शाळेत मी गेलो होतो का तुम्ही?"

फोन ठेवला. दादा कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि एकाच जागी टकाटक बटण दाबत होते. मी मागे जाऊन उभी राहिले. हार्ड डिस्कवरच्या सगळ्या फोल्डरांना बाण आले होते. 'मावशी'लासुद्धा. दादांनी पुन्हा दाबलं. काहीतरी सापडत नाही, असं इंग्रजीत आलं. आकार बघितला, एक केबी. सात मिनिटांच्या शिव्या एक केबीत मावत नाहीत, एवढं मलाही कळत होतं.

मी जिन्यात जाऊन बसले. काकी खाली चारा टाकत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं आणि सांगता सांगता पुन्हा माझी गाडी सुटली: फ्लेक्सवाल्याची चूक, बाणेरच्या त्या माणसाने भंगार दिलं त्याची चूक, एवढा साधा कॉम्प्युटर सुरक्षित करून विकता येत नाही त्या कंपन्यांची चूक.

काकी म्हणाल्या, "म्हस कुटनं आली ते ऱ्हाऊ दे. गोठ्यात कुनी घातली?"

 खरं सांगते, मला हसू आलं. जांभळाखाली ती म्हैस रवंथ करत माझ्याकडे बघत होती आणि मला स्वतःची शोभा डोळ्यांसमोर दिसली. गळ्यात घुंगरू, गोठ्यागोठ्यातून हिंडणारी, प्रत्येक दावणीला तोंड लावून 'रोगापासून सावध राहा' सांगणारी. मी इतकी हसले की काकींना वाटलं डोक्यावर परिणाम झाला. पण हसणं ओसरलं की खाली तेच होतं. परवा सुनावणी, आणि म्हातारा नाही.

मावशी त्याच दुपारी खाली उतरली. सुनावणीला काय बोलायचं ते ठरवायला. दादांनी घसा साफ करून मोठी प्रस्तावना सुरू केली: तांत्रिक अडचण, डिजिटल युगातले धोके. मावशीने ती मधेच तोडली.

"म्हंजी म्हातारा गेला?"

"गेला असं नाही, मावशी," दादा म्हणाले. "आहे. पण दिसत नाही."

"मेला तवा निदान दिसत तरी व्हता." ती खुर्चीवर न बसता उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "त्याच्या शिव्याच माजा सातबारा हाय. दुसरा कुनी न्हाई आता मला शिव्या देनारा." हे तिने हसत म्हटलं. मला मात्र त्या क्षणी माझ्या सगळ्या पत्रकांची मिळून एक होळी करावीशी वाटली.

तेवढ्यात काकी वर आल्या. म्हणाल्या, लवळ्याला कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या एक बाई दर महिन्याला माझं तूप नेतात, त्यांना विचारू. आणि लगेच फोन लावून, फोन माझ्या कानाला चिकटवला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तीनच वाक्यं बोलल्या. मशीन बंद करा. त्याला आता काहीही जोडू नका. उद्या सकाळी डबा आणि डिस्क दोन्ही घेऊन या.

बुधवारी सकाळी निघालो. स्कूटीच्या पुढे पायाशी पोत्यात गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा, मागे मावशी, आणि मावशीच्या ओटीत फडक्यात बांधलेली हार्ड डिस्क. दादांनी डिस्क माझ्या सॅकमध्ये टाकायला सांगितली होती. मावशी म्हणाली, "तुज्याकडं न्हाई द्यायची. तू कुनाला बी अलाउ म्हनशील." म्हणजे ती गोष्ट एका रात्रीत डोंगरावरही पोचली होती.

घाटात प्रत्येक खड्ड्याला ती ओटीवर हात धरून म्हाताऱ्याला दम देत होती. लवळ्याच्या कॉलेजच्या फाटकावर रखवालदाराने अडवलं. आत नेण्याची प्रत्येक वस्तू वहीत लिहायची असते. पोत्यातला डबा त्याने बघितला, लिहिला. मग मावशीच्या ओटीकडे बोट केलं.

"आजी, ह्यात काय आहे?"

"म्हातारा हाय."

रखवालदाराने पेन वर उचललं. "काय?"

"आमचा म्हातारा. गेल्या पावसात मेला. उद्या कचेरीत बोलायचंय त्याला."

रखवालदार दोन पावलं मागे सरकला. मी समजावायला तोंड उघडलं, पण मला हसण्यामुळे शब्द फुटेना, आणि मी हसतेय म्हटल्यावर मावशीलाही हसू आलं, आणि ओटी हलायला लागली, तसा रखवालदार आणखी एक पाऊल मागे गेला. शेवटी लॅबच्या बाई स्वतः फाटकावर आल्या. वहीत बघितलं तर त्याने लिहिलं होतं: 'एक डबा. एक फडकं (आत नातेवाईक).'

बाई चाळिशीच्या, चष्मा दोरीला, बोलणं मोजकं. मी पोतं उचलून लॅबच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि त्या म्हणाल्या, "अं हं. हे आत यायचं नाही." व्हरांड्यात भिंतीला लागून एक टेबल होतं, त्यावर एकच जुना लॅपटॉप, कुठल्याही वायरीला न जोडलेला. "बाहेरून जे येतं ते आधी इथं बघायचं. आत माझी साठ मशीनं आहेत."

मावशीने टेबलाकडे बघितलं, मग आतल्या लॅबकडे, मग माझ्याकडे. "भायेर बांधलीया," ती म्हणाली. मी मान खाली घातली. इतके दिवस जांभळाखालची म्हैस रोज बघत होते मी.

बाईंनी आधी डिस्क तपासली, व्हायरस झाडला, मग काळ्या पडद्यावर एक ओळ टाईप केली. फोल्डरं परत आली, बिनबाणाची.  बाई म्हणाल्या, "गेलं काहीच नव्हतं. ह्याने तुमच्या फायलींवर पडदा टाकला, आणि पडद्यावर त्याच फायलींचं चित्र काढलं. तुम्ही चित्राला हात लावत होता. जितक्यांदा हात लावला तितक्यांदा तो पुढच्या घरी गेला."

मग त्यांनी 'मावशी' उघडलं आणि व्हिडिओ लावला. म्हातारा आला. तंबाखू मळत, एक डोळा बारीक करून. "ही बाई लई भांडखोर हाय. ल्याहा, ल्याहा. माज्या दोन शेळ्या तिनं आंब्यापसनं खाली हाकलल्या, त्या सालापसनं मी तिच्यासंगं बोलत न्हाई. तवा त्यो आंबा तिच्या गुडघ्याएवडा. म्हनली, माजं रान हाय. हाय तिचंच. म्हनून काय शेळीला दगुड मारायचा?"

"खोटं," मावशी पडद्याला म्हणाली. "दोन न्हाई, तीन व्हत्या."

म्हातारा बोलत राहिला, ती प्रत्येक वाक्याला उत्तर देत राहिली. लॅबमधून दोघीतिघी विद्यार्थिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. सात मिनिटं झाली. पडदा थांबला तेव्हा मावशीने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "परत लावा. मंगाशी माजं बोलायचं ऱ्हायलं."

दुसऱ्यांदा लागला तेव्हा बाई माझ्याकडे वळल्या. "ह्याची दुसरी प्रत कुठं आहे?"

"नाही."

"म्हणजे जो माणूस आता नाही त्याचा जबाब एका डिस्कवर, डिस्क कायम मशीनला, मशीनला पासवर्ड नाही."

"आमच्याकडे कुणी काही लपवत नाही," मी दादांचं वाक्य म्हटलं. त्या व्हरांड्यात ते फारच पोकळ वाजलं.

"लपवायचा प्रश्न नाही, सांभाळायचा आहे. बरं, कुठं अँटीव्हायरस काही बोलला नव्हता का?"

"बोलला होता. खताच्या दुकानात."

"मग?"

"मी त्याला गप्प केला."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कुणी इतक्या शांतपणे माझा धिक्कार पूर्वी कधी केला नव्हता. नंतर ड्रॉवरमधून त्यांनी मला एक पेनड्राईव्ह दिला. त्याच्या बाजूला बारीक खटका होता. तो सरकवला की त्यावर कुणालाही, व्हायरसलाही, काही लिहिता येत नाही. त्यात व्हायरस झाडणारा प्रोग्राम होता आणि म्हाताऱ्याची एक प्रत; आमचा डबा त्यांनी आधी त्यानेच झाडून दाखवला. "सहाही ठिकाणी जा," त्या म्हणाल्या. "भाषण नको. आधी सांगायचं, माझ्याकडून आलंय."

मावशीला फाट्यावर सोडून मी दुपारभर तेच केलं. माफी मागायची मला सवय नाही, मागण्या करायची आहे. शाळेतल्या बाईंनी या खेपेला चहा दिला नाही. दूध केंद्रावर म्हणाले, ताई, तुमचं घुंगरू कुठाय, वाजलं की आम्ही प्लग काढतो. खताचे शेठ कॉम्प्युटरपुढून उठले, मला खुर्ची दिली, आणि दुकानभर गिऱ्हाईक असताना अदबीने विचारलं, "ताई, आता कुठलं बटन दाबू?" मी निमूटपणे सहा मशीनं झाडली, जिथं जुना अँटीव्हायरस होता तिथं नवा घेतला, आणि पेनड्राईव्ह लावल्याबरोबर आपोआप उघडण्याची सोय बंद केली. फ्लेक्सवाला शेवटी होता. त्याला म्हटलं, निषेध मागे घेते. तो म्हणाला, "असा न्हाई. जाहीर केला होता, जाहीर मागं घ्या. फ्लेक्स माझ्यातर्फे."

तो फ्लेक्स अजून आमच्या जिन्यावर आहे. माझा फोटो, मी कधी न घातलेला गॉगल त्याने डोळ्यांवर चढवलेला, मागे उगवता सूर्य, चार कोपऱ्यांत चार म्हशी, आणि मधे: 'बाहेरचा पेनड्राईव्ह आधी वेगळा बांधा.' अकरा मागण्यांच्या पत्रकाने जे झालं नाही ते ह्या एका ओळीने झालं. आता झेरॉक्सवाल्याकडे कोपऱ्यात एक जुनं मशीन आहे, त्याला तो 'जांभूळ' म्हणतो, आणि पेनड्राईव्ह घेऊन आलेल्याला आधी जांभळाखाली पाठवतो.

दादा पासवर्डला तयार नव्हते. काकींनी त्यांना एवढंच विचारलं, "मी गोठ्याला कडी घालते ती काय म्हशींवर संशय हाय म्हनून?" दादांनी तासभर विचार करून पासवर्ड ठेवला. काकींनी तो पहिल्या फटक्यात जिन्यातूनच ओळखला, कारण दादा भाषणात दर तिसऱ्या वाक्याला तोच शब्द म्हणतात. मग दुसरा ठेवला.

गुरुवारी कचेरीत गेलो. दादा, मी, मावशी, आणि माझा लॅपटॉप, बुधवारी सॅकमधून नेऊन बाईंकडून तपासून आणलेला. सुनावणी घेणारे साहेब शांत होते. त्यांनी व्हिडिओ पूर्ण बघितला. शेळीला दगड मारायच्या ठिकाणी त्यांनी फाईल तोंडासमोर धरली, पण खांदे हलताना दिसत होते. संपल्यावर म्हणाले, हा वडीलधाऱ्या माणसाचा जबाब आहे, ह्याची नोंद घ्यावी लागेल, प्रत घ्या. शेजारी बसलेल्या कारकुनाने, भाऊसाहेबांनी, किल्ल्यांच्या जुडग्यातला पेनड्राईव्ह काढला आणि माझ्या लॅपटॉपकडे हात पुढे केला.

ह्याच कचेरीच्या फाटकाबाहेर मी घसा फुटेस्तोवर घोषणा दिल्यात. पण त्या वेळी माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. मावशीचा दावा त्या टेबलावर होता. आत्ता ह्या माणसाला 'तुमचा पेनड्राईव्ह नको' म्हणायचं आणि त्याला राग आला तर? मी दादांकडे बघितलं. दादा छताकडे बघत होते. भाऊसाहेबांचा हात लॅपटॉपपर्यंत पोचला, आणि मावशीने मधे आपला तळवा ठेवला.

"हितं न्हाई."

"काय झालं, आजी?"

"भायेरची हाय. आदी येगळी बांधायची, मंग आत."

भाऊसाहेबांना म्हैस माहीत नव्हती, पण 'बाहेरची' एवढं लागलं. "आजी, हा सरकारी पेनड्राईव्ह आहे."

"म्हस पाटलाची असली तरी भायेरच बांधत्यात."

 मी मनातल्या मनात दाव्याला रामराम केला. मग साहेबांनी विचारलं, म्हैस कुठली? आणि दादांना एकदम कंठ फुटला. त्यांनी सगळं सांगितलं, घुंगरापासून 'अलाउ'पर्यंत, एकही गोष्ट न गाळता, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे हात करून. साहेबांनी या खेपेला फाईल तोंडासमोर धरली नाही.

मी पटकन खटक्याचा पेनड्राईव्ह पुढे केला. त्यात प्रत तयार होती. भाऊसाहेब तो घेईनात. "वा," ते म्हणाले. "आमचा तुमच्यात चालत नाही, मग तुमचा आमच्यात कसा चालेल?"

 मावशीला हे एकदम पटलं. "व्हय की. तुमी बी बांधा."

कचेरीच्या कोपऱ्यात एक बंद पडायला आलेला कॉम्प्युटर होता. भाऊसाहेबांनी त्याची नेटची वायर काढली आणि आमचा पेनड्राईव्ह त्यावर तपासायला लावला. अर्धा तास लागला. अर्धा तास साहेब, भाऊसाहेब, पुढच्या नंबरची माणसं, आम्ही, सगळे त्या पट्टीकडे बघत थांबलो आणि मावशी सगळ्यांना काकींच्या म्हशीची हकिकत सांगत होती. पट्टी पूर्ण झाली, काही निघालं नाही. भाऊसाहेबांनी पोच लिहून, शिक्का मारून मावशीच्या हातात दिली: 'दाव्यासोबत जबाबाचा व्हिडिओ, तपासून घेतला.'

निकाल अजून लागलेला नाही. पण पोच हातात आहे आणि म्हाताऱ्याचं बोलणं सरकारदप्तरी आहे. शिवाय त्याच्या तीन प्रती आहेत. एक आमच्या डिस्कवर, जी आता काम झालं की वायरीवरून काढून कपाटात जाते. एक लवळ्याला बाईंकडे. तिसरी खटक्याच्या पेनड्राईव्हवर, काकींच्या भाताच्या कणगीत, कापडात बांधून. सातवी म्हैस केव्हाच आत गेली, दूध चांगलं देते.

मावशी खाली आली की जिन्यावरच्या माझ्या गॉगलला एक नजर टाकते आणि वर येऊन पहिल्यांदा तेच विचारते.

"म्हातारा कुटं बांधलाय?"

"तीन ठिकाणी, मावशी."

"बरं क्येलं," ती म्हणते. "एका जागंला त्याचं कुनाशी पटत न्हाई."